चार दोष एकाच बाजूला: नेमॅटिक कवचाचे एक प्रकरण

पुण्यातील एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी दोन विद्यार्थिनींनी द्रवस्फटिकाची गोल कवचे तयार केली होती. आत पाण्याचा थेंब, त्याभोवती द्रवस्फटिकाचा पातळ थर आणि बाहेर पुन्हा पाणी अशी या कवचांची रचना असते. प्रकल्पाचा हेतू साधा होता. गोलावर पसरलेल्या नेमॅटिक थरात चार दोष, म्हणजे रेणूंची दिशा ठरवताच येत नाही असे बिंदू, असावेत आणि ते एकमेकांना दूर सारत चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) चार कोपऱ्यांवर जाऊन बसावेत, असे सिद्धान्त सांगतो. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आणि दोषांमधले कोन मोजायचे. चार दोष दिसले, पण बहुतेक कवचांत ते चारही वरच्या बाजूच्या लहानशा टोपीत दाटीवाटीने बसलेले होते. चतुष्फलकात कोणत्याही दोन कोपऱ्यांमध्ये केंद्रापाशी १०९.५ अंशांचा कोन असतो. इथे शेजारच्या दोषांमध्ये तीस अंशांच्या आसपासच अंतर होते. असे का झाले आणि उत्तर कसे पक्के केले, याची ही नोंद मी प्रकल्पाचा मार्गदर्शक या नात्याने लिहीत आहे.

नेमॅटिक अवस्थेत लांबट रेणू द्रवासारखे वाहतात, पण साधारणपणे एकाच दिशेला समांतर राहतात. या दिशेला डोके-शेपूट नसते, म्हणजे रेणू उलटा केला तरी दिशा तीच राहते. त्यामुळे नेमॅटिकचे चित्र बाणांचे नसून रेषांचे असते आणि रेषांच्या चित्रात अर्ध्या मापाचे दोषही चालतात. दोषाभोवती एक फेरी मारताना रेषांची दिशा जितके वळसे घेते, ते त्याचे माप; वळसा फेरीच्या दिशेनेच असेल तर अधिक, उलट असेल तर उणे. हे पाहण्यासाठी स्वतःच्या बोटांचे ठसे पुरेसे आहेत. लहानपणी आपण ज्याला शंख म्हणून मोजतो, त्याच्या गाभ्यापाशी रेषा वळसा घेऊन माघारी येतात, तो अधिक अर्धा दोष होय. चक्राच्या मध्याभोवती रेषा पूर्ण वर्तुळे काढतात, तो अधिक एक. आणि तीन बाजूंनी आलेल्या रेषा जिथे एकमेकींना टाळून त्रिकोण करतात, तिथे उणे अर्धा असतो.

सपाट काचेवर एकही दोष नसलेले नेमॅटिक मांडता येते. गोलावर ते शक्य नाही. पॉइंकारे आणि हॉफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रमेयानुसार बंद पृष्ठावरील सर्व दोषांची बेरीज त्या पृष्ठाच्या ऑयलर अंकाइतकी, म्हणजे फक्त आकाराच्या घडणीवर अवलंबून असलेल्या एका ठरावीक संख्येइतकी, असावीच लागते. गोलासाठी हा अंक २ आहे, तर मेदूवड्याच्या आकारासाठी शून्य. गोलावरचे २ दोन अधिक-एक दोषांनीही भागतात आणि चार अधिक-अर्ध्यांनीही. पातळ थरात दोषाची ऊर्जा त्याच्या मापाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे दोन अधिक-एकांचा खर्च १ + १ म्हणजे २, आणि चार अर्ध्यांचा चार वेळा पाव म्हणजे १ पडतो. म्हणून चार अर्धे स्वस्त. समान चिन्हाचे दोष एकमेकांना दूर सारतात, म्हणून ते चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर जातात. हा निष्कर्ष ल्युबेन्स्की आणि प्रोस्ट यांनी १९९२ मध्ये मांडला. पुढे २००२ मध्ये डेव्हिड नेल्सन यांनी त्यावरून अशी कल्पना पुढे आणली की या चार बिंदूंवर रेणूंचे दुवे जोडले, तर सूक्ष्म गोळ्या कार्बनच्या अणूप्रमाणे चार दिशांनी बंध करतील. चित्र इतके देखणे आहे की विद्यार्थी ते पाहण्याच्या अपेक्षेनेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात.

साहित्य मोजकेच होते. द्रवस्फटिक ५सीबी, म्हणजे सायनो-पेंटिल-बायफेनिल. जॉर्ज ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील हल विद्यापीठात बनवलेल्या याच कुळातील पदार्थांवर घड्याळांचे आणि गणकयंत्रांचे पडदे उभे राहिले. आतल्या व बाहेरच्या पाण्यात वजनाने एक टक्का पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे पाण्यात विरघळणारे बहुवारिक) मिसळले होते. ते पृष्ठावर बसले की ५सीबीचे रेणू पृष्ठाशी समांतर आडवे राहतात. काचेच्या केशनलिका एकात एक बसवून एकसारखी कवचे काढण्याची सोय विभागात नव्हती, म्हणून आधी पाणी ५सीबीत आणि मग ते मिश्रण पाण्यात हलवून दुहेरी पायस (इमल्शन), म्हणजे थेंबात थेंब असलेले मिश्रण, तयार केले. यातून लहानमोठ्या, जाड-पातळ अशा सर्व प्रकारच्या कवचांची खिचडी मिळते. एरवी ही उणीव मानली जाते, पण पुढे आकारांतली हीच विविधता उपयोगी पडली. विभागातल्या सूक्ष्मदर्शकाला ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या पट्ट्या, नव्हते. ते काम तपकीर गल्लीतून आणलेल्या जुन्या एलसीडी पडद्यांवरून सोलून काढलेल्या ध्रुवक फिल्मने भागवले.

पहिली शंका मोजणीबद्दलच होती. "सर, आपण वरून बघतोय, काही दोष खालच्या अर्धगोलात लपले असतील," असे एकीचे म्हणणे होते आणि ते रास्त होते, कारण कवचातून आरपार आलेल्या प्रकाशात वरचा आणि खालचा थर एकमेकांवर पडतात. ५सीबीचे वक्रीभवनांक दिशेनुसार सुमारे १.५३ आणि १.७१, पाण्याचा १.३३, त्यामुळे खालची बाजू गोळ्याच्या भिंगातून वेडीवाकडी दिसते. तरीही निर्णय करता येतो. एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या ध्रुवकांमध्ये प्रत्येक दोषातून काळ्या पट्ट्या निघतात आणि त्यांची संख्या दोषाच्या मापाच्या चौपट असते. अर्ध्या दोषातून दोन, एकातून चार. दोन्ही ध्रुवक एकत्र फिरवले, की अधिक-अर्ध्याच्या पट्ट्या त्याच दिशेने दुप्पट वेगाने फिरतात, उणे-अर्ध्याच्या उलट दिशेने, तर अधिक-एकाच्या पट्ट्या ध्रुवकांच्या बरोबरीने फिरतात. टोपीतल्या चारही बिंदूंतून दोन-दोन पट्ट्या निघत होत्या आणि ध्रुवकांच्या पुढे धावत होत्या. चार वेळा अधिक अर्धा म्हणजे २. हिशोब पूर्ण झाला. खाली आणखी एखादी जोडी असलीच, तर ती एकमेकींना खोडणाऱ्या अधिक-उणे दोषांची असावी लागली असती, आणि तशी जोडी फार काळ टिकत नाही.

म्हणजे प्रमेय शाबूत होते. या टप्प्यावर विद्यार्थिनींच्या वहीत 'सिद्धान्ताशी विसंगती' अशी ओळ होती. ती मी काढायला लावली, कारण प्रमेय फक्त बेरीज ठरवते, जागा ठरवत नाही. चारही दोष एका बिंदूपाशी जमले किंवा गोलभर विखुरले, बेरीज दोनच राहते. जागा ऊर्जा ठरवते.

मग ऊर्जेत असे काय होते? दोन पर्याय लवकर बाद झाले. पहिला, रेणूंची मांडणी वाकवण्याचा आणि पसरवण्याचा स्थितिस्थापक गुणांक सारखा नसणे. शिन, बोविक आणि झिंग यांनी २००८ मध्ये दाखवले की हे गुणांक फारच विषम असतील, तर चार दोष चतुष्फलक सोडून एका मोठ्या वर्तुळावर येतात. पण ५सीबीत ही विषमता माफक आहे. शिवाय मोठे वर्तुळ गोलाला पूर्ण वेढा घालते, टोपीत जमत नाही. दुसरा, भांडी धुताना राहिलेला साबण. काही पृष्ठसक्रिय पदार्थ रेणूंना पृष्ठावर उभे करतात आणि मग सगळे चित्रच बदलते. पण साबणाने बिघडलेल्या थरात पट्ट्यांची मांडणीच वेगळी येते. इथे ती जशी हवी तशी होती.

उरली जाडी. द्विमितीय सिद्धान्तात पृष्ठाला जाडी नसते, किंवा असली तर सर्वत्र सारखी असते. खऱ्या कवचात दोष हा बिंदू नसून आतल्या पृष्ठापासून बाहेरच्या पृष्ठापर्यंत जाणारी रेषा असतो आणि या रेषेची ऊर्जा तिच्या लांबीच्या प्रमाणात वाढते. कवच एका बाजूला पातळ असेल, तर दोषाला तिथेच जाणे परवडते. ५सीबीची घनता २५ अंशांना सुमारे १.०२, पाण्याची ०.९९७. आतला थेंब हलका असल्यामुळे तो वर तरंगतो, वरचा थर पातळ आणि खालचा जाड होतो. दोष वरच्या टोपीत जमण्याचे हे कारण फर्नांडीझ-निएव्हेस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशाच कवचांवरील प्रयोगांत नोंदवले आहे. विद्यार्थिनींना ते वाचायला दिले, पण तेवढ्यावर प्रकरण मिटवायचे नव्हते. आकडे घालून पाहायचे होते.

नमुना म्हणून बाहेरची त्रिज्या ५०, आतली ४५ आणि सरासरी जाडी ५ मायक्रोमीटर धरू. आतला थेंब वर टेकला असेल, तर जाडी वर जवळजवळ शून्य आणि खाली १० असते. स्थितिस्थापक गुणांक ७ पिकोन्यूटन घेतला, दोषाचा गाभा ५ नॅनोमीटरचा मानला, की अर्ध्या दोषाच्या रेषेची ऊर्जा दर मायक्रोमीटर लांबीला ५० पिकोन्यूटन-मायक्रोमीटर येते. म्हणजे रेषेत ५० पिकोन्यूटनचा ताण आहे असेही म्हणता येते. आता एक गमतीची गोष्ट. चतुष्फलकाच्या चार दिशांची सदिश बेरीज शून्य असते. त्यामुळे आतला थेंब थोडा सरकला, तर एका दोषाची रेषा जितकी आखूड होते तितकी इतरांची मिळून लांब होते, मग चतुष्फलक कसाही फिरवा. चार रेषांची एकूण लांबी सरासरी जाडीच्या चौपटच राहते. चतुष्फलक शाबूत ठेवून दोषांना पातळ बाजूचा काहीच फायदा घेता येत नाही. तो हवा असेल तर चतुष्फलक मोडावाच लागतो.

मोडण्याचा खर्च किती? दोषांमधल्या प्रतिकर्षणाची ऊर्जा त्यांच्या अंतराच्या लॉगरिदमने बदलते. चौघांना शिखरापासून वीस-वीस अंशांवर चौकोनात आणून बसवले, तर सहा जोड्यांचा मिळून वाढीव खर्च गुणांक गुणिले सरासरी जाडी या एककात सुमारे १० येतो. तोही सरासरी जाडी धरून; पातळ बाजूला तो याहून कमीच असणार. उलट रेषा आखूड झाल्याची बचत त्याच एककात सुमारे २७ येते. निव्वळ नफा १७. हे एक एकक २५ अंशांच्या औष्णिक ऊर्जेच्या साडेआठ हजार पट भरते, त्यामुळे औष्णिक हेलकाव्यांनी दोष पुन्हा विखुरतील ही शक्यता उरत नाही.

इथे प्रकल्प संपवता आला असता. पण वरच्या हिशोबात गुरुत्वाकर्षणाचे बल कुठेच आलेले नाही, हे दुसऱ्या विद्यार्थिनीच्या लक्षात आले. आतला थेंब वर आहे हे आपण गृहीत धरले. पण रेषांमध्ये ताण असेल तर त्या स्वतःच थेंबाला बाहेरच्या पृष्ठाकडे ओढत असणार. तिने दोन्ही बले शेजारी-शेजारी मांडली. ४५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या थेंबावर उत्प्लावक बल सुमारे ९० पिकोन्यूटन, आणि टोपीत जमलेल्या चार रेषांची ओढ जवळपास १९०. म्हणजे आम्ही ज्या आकाराची कवचे सर्वाधिक पाहत होतो, त्यांत गुरुत्व हा दुय्यम खेळाडू होता! उत्प्लावक बल त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर रेषेचा ताण जवळपास तेवढाच राहतो. त्रिज्या १०० असेल तर उत्प्लावन हजाराच्या घरात जाते आणि ओढीला सहज मागे टाकते. त्रिज्या २० असेल तर ते ८ पिकोन्यूटनवर येते आणि ओढ त्याच्या वीसपटीहून अधिक ठरते.

यातून थेट तपासता येईल असे भाकीत निघत होते. आतला थेंब ५सीबीपेक्षा जड केला, तर मोठ्या कवचांत दोष खाली जायला हवेत, आणि लहान कवचांनी या बदलाला फारशी दाद देऊ नये. त्यांची पातळ बाजू कोणत्याही दिशेला असावी. थेंब जड करायला साखर किंवा मीठ घालणे सर्वांत सोपे, पण त्यात फसगत आहे. ५सीबीच्या थरातून पाणी हळूहळू झिरपते. आत साखर असेल तर परासरणाने बाहेरचे पाणी आत शिरते, थेंब फुगतो, थर पातळ होतो आणि घनता व जाडी असे दोन बदल एकमेकांत मिसळतात. म्हणून जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असते) वापरले. साधे आणि जड पाणी निम्मे-निम्मे घेतले की घनता सुमारे १.०५ होते, ५सीबीशी असलेला फरक साधारण मूळच्या फरकाइतकाच, फक्त उलट्या चिन्हाचा. आत आणि बाहेर तेच मिश्रण ठेवले, म्हणजे थरातून देवाणघेवाण झाली तरी काही बदलत नाही.

मोठ्या कवचांत दोष खाली सापडले. त्यासाठी काचपट्टी उलटी करून, कवचे पुन्हा स्थिरावण्याआधीच पाहावे लागले. हे काम नजरेला थकवणारे आहे, कारण कवच हळूहळू कलंडत मूळ स्थितीकडे जाते आणि टोपीतल्या पट्ट्या त्याबरोबर सरकत राहतात. लहान कवचांत टोपी कुठेही होती: कडेला, वर, तिरकी, पण चार दोष एकत्र मात्र सर्वत्र होते. नंतर जड पाण्याचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या थोडे वर ठेवून घनता ५सीबीच्या जवळ आणली. तेव्हा मोठ्या कवचांनीही वर-खाली हा भेद सोडला, पण चतुष्फलक तरीही उभा राहिला नाही. याचे कारण वरच्या हिशोबातच आहे. थेंब केंद्रापासून किंचित सरकला की दोषांना त्या बाजूला झुकण्यात फायदा दिसतो. ते झुकले की त्यांची ओढ थेंबाला आणखी सरकवते. थेंबाला परत केंद्रात आणणारे पुरेसे बल नसेल, तर एककेंद्री कवच आणि चतुष्फलक ही जोडी स्वतःच अस्थिर असते. वक्रता आणि दोष एवढ्यावरच लक्ष ठेवणाऱ्याला हे चटकन सुचत नाही, कारण त्याच्या चित्रात पृष्ठ ठरलेले असते आणि दोष फिरतात; इथे पृष्ठही दोषांच्या ओढीने बदलते.

सगळीच कवचे चार दोषांची नव्हती. काहींत दोन अर्धे आणि एक पूर्ण असे तीन दोष होते, काहींत दोनच पूर्ण. जाड थरात अधिक-एक दोषाची रेषा गाभ्यात तिसऱ्या मितीकडे वळून सुटका करून घेते आणि फक्त दोन पृष्ठांवर एकेक बिंदूदोष उरतो, ज्याला बूजम म्हणतात. व्हिटेली आणि नेल्सन यांनी २००६ मध्ये दाखवल्याप्रमाणे जाडी वाढत गेली की ही मांडणी चार अर्ध्यांपेक्षा स्वस्त पडते. त्या न्यायाने आमच्यापैकी बरीच कवचे दोन दोषांची असायला हवी होती. पण एका मांडणीतून दुसरीत जाण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जेची भिंत इतकी उंच असते, की कवच ज्या मांडणीत जन्मले त्याच मांडणीत राहते.

हे जन्मणे उन्हाळ्यामुळे अनायासे पाहायला मिळाले. ५सीबीची नेमॅटिक अवस्था ३५ अंशांना संपते आणि एप्रिलमधल्या पुण्यातल्या दुपारी स्लॅबखालची प्रयोगशाळा त्यापलीकडे जाते. दुपारी दोनला सूक्ष्मदर्शकात सर्व कवचे काळी, साध्या तेलाच्या थेंबांसारखी. विद्यार्थिनींना वाटले पदार्थ खराब झाला. संध्याकाळी खोली निवू लागली तशी कवचांत रंग परतला, पण एकदम चार दोष घेऊन नव्हे. आधी पृष्ठभर दाट नक्षी, मग पट्ट्यांचे गुंतवळे, मग जवळजवळचे दोष एकमेकांकडे सरकून नाहीसे होणारे. अधिक आणि उणे एकत्र येऊन संपत राहतात आणि शेवटी ज्यांना जोडीदार उरत नाही ते दोनाच्या बेरजेइतके अधिक दोष शिल्लक राहतात. तेच कवच दुसऱ्या दिवशी पुन्हा तापून निवल्यावर क्वचित चाराऐवजी तीन दोष घेऊन आले. यानंतर मोजमापे सकाळीच करण्याचा नियम झाला. हिवाळ्यात याची उलट अडचण येते, कारण ५सीबी २२ ते २४ अंशांच्या आसपास गोठू शकते आणि जानेवारीतल्या सकाळी काचपट्टीवर कधी कधी कवचांऐवजी सुया सापडतात.

चतुष्फलक पाहायचाच असेल, तर थर फार पातळ करावा लागेल. नुसते पातळ करून मात्र फायदा नाही, कारण बचत आणि खर्च दोन्ही सरासरी जाडीच्या प्रमाणात असल्याने २७ आणि १० यांचे गुणोत्तर बदलत नाही. फरक तेव्हा पडतो, जेव्हा सरासरी जाडी त्या किमान जाडीच्या जवळ येते, जिथे दोन पृष्ठांवरचे पीव्हीएचे थर एकमेकांना टेकू देत नाहीत. मग थेंबाला सरकायला जागाच उरत नाही, जाडीतला भेद पुसट होतो आणि प्रतिकर्षणाला मोकळीक मिळते. ज्या परासरणाला आम्ही या प्रकल्पात टाळले, तेच तिथे कामाला येते: आतल्या पाण्यात थोडे मीठ घालायचे, थेंब हळूहळू फुगू द्यायचा आणि थर पातळ होत असताना टोपीतल्या चार दोषांमधले कोन ठरावीक वेळाने मोजत राहायचे. पुढच्या तुकडीच्या प्रकल्पासाठी हेच काम ठरवले आहे आणि ते जानेवारी टाळून, फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होईल.